टर्लिंगच्या वाड्यातले अकरा मिलिग्रॅम

प्रश्न असा आहे: "मुलीकडे इंग्लंडला गेलो होतो. तिथली जुनी कंट्री हाउसं, म्हणजे आपल्या भाषेत सरदार-जमीनदारांचे वाडे, बघण्यात दोन आठवडे गेले. एका वाड्यात ऑक्सिजन सापडला ती खोली दाखवली. दुसऱ्या एका वाड्यात आर्गॉन सापडला असं ऐकलं, पण तिथे जाता आलं नाही. आज कणभौतिकीचे शोध सत्तावीस किलोमीटरच्या बोगद्यांतून लागतात. या वाड्यांचा त्यांच्याशी खरंच काही संबंध आहे, की पर्यटकांना सांगायच्या गोष्टी? नातीने विचारलं, मला सांगता आलं नाही."

संबंध आहे, आणि तो 'विज्ञानाची थोर परंपरा' अशा ढोबळ अर्थाचा नाही. गेली बावीस वर्षं मी द्रवरूप आर्गॉनचे न्यूट्रिनो डिटेक्टर (न्यूट्रिनो म्हणजे जवळजवळ सगळ्यातून आरपार निघून जाणारा, विद्युतभार नसलेला सूक्ष्म कण) बांधण्याचं आणि चालवण्याचं काम करतो. ज्या वायूवर माझं घर चालतं त्याचा पहिला सुगावा एसेक्समधल्या एका वाड्यात, तराजूच्या काट्यावर लागला. तो सुगावा कसा लागला हे नीट समजलं की आजच्या कणभौतिकीचं निम्मं मर्म हाती येतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही पाहिलेला वाडा विल्टशरमधला बोवुड. जोसेफ प्रिस्टली तिथे लॉर्ड शेलबर्नच्या आश्रयाला होते. १ ऑगस्ट १७७४ रोजी त्यांनी बारा इंच व्यासाच्या भिंगाने सूर्यकिरण एकवटून पाऱ्याचं लाल भस्म तापवलं आणि निघालेल्या वायूत मेणबत्ती जोमाने जळताना पाहिली. शोध फार मोठा. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या वाड्यात आहे, लंडनच्या ईशान्येला असलेल्या टर्लिंग प्लेसमध्ये.

टर्लिंगचे धनी जॉन विल्यम स्ट्रट, म्हणजे तिसरे लॉर्ड रॅले. जन्म १८४२चा. १८६५ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत ते पहिले आले. मॅक्सवेल गेल्यावर १८७९पासून पाच वर्षं त्यांनी कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचं प्राध्यापकपद सांभाळलं आणि १८८४ साली ते सोडून घरी परतले. घरी म्हणजे वाड्याच्या एका बाजूला स्वतः उभारलेल्या प्रयोगशाळेत. तिथे प्रकाशाच्या प्रयोगांसाठी भिंती काळ्या केलेली एक खोली होती आणि हाताशी जॉर्ज गॉर्डन नावाचा कसबी कारागीर होता. इस्टेटीची शेती आणि दूधदुभतं धाकटा भाऊ एडवर्ड बघत असे, त्यामुळे थोरल्याला तराजूपुढे बसायला वेळ होता.

ही गोष्ट सांगताना एक विसरता कामा नये. हा निवांतपणा कुळांच्या खंडावर आणि गोठ्यातल्या गायींवर उभा होता. तेवढीच बुद्धी असलेली किती माणसं त्याच गावात नांगर धरून मेली असतील, त्याचा हिशेब कुठल्या वाड्यात लिहिलेला नसतो. वाड्यांचं मला कौतुक आहे ते त्यांच्या झुंबरांसाठी नाही. कुणी अहवाल मागत नव्हतं, अनुदानाची मुदत संपत नव्हती, आणि एकच वजन पुन्हापुन्हा करत वर्षंच्या वर्षं घालवता येत होती, त्यासाठी आहे.

रॅले तोलत होते ते वायू. आणि कशासाठी? इथे कणभौतिकीचा पहिला धागा आहे. विल्यम प्राउट नावाच्या डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक तर्क मांडला होता: सगळी मूलद्रव्यं हायड्रोजनचीच बनलेली असावीत, कारण त्यांचे अणुभार, म्हणजे अणूंची तुलनेने वजनं, हायड्रोजनच्या पूर्ण पटीत येताना दिसतात. सगळं द्रव्य मुळात एकाच कणाचं आहे का, हाच तो प्रश्न. आम्ही आजही वेगळ्या शब्दांत तोच विचारतो. रॅलेंना तो तपासायचा होता, म्हणून त्यांनी हायड्रोजन आणि ऑक्सिजनची घनता मोजायला घेतली. ऑक्सिजन १६ पट यायला हवा होता, आला १५.८८ पट. प्राउटचं गणित जुळलं नाही. मग रॅले नायट्रोजनकडे वळले.

वायू तोलणं वाटतं तितकं सरळ नाही. काचेचा गोल फुगा घ्यायचा, रॅलेंचा सुमारे १.८ लिटरचा होता. त्यातली हवा पंपाने काढून वजन करायचं, मग वायू भरून पुन्हा करायचं. पण फुगा स्वतः हवेत टांगलेला असतो, आणि त्याने बाजूला सारलेल्या हवेचंच वजन दोन ग्रॅमच्या वर भरतं. सकाळी ढग आले, दुपारी ऊन पडलं, हवेचा दाब हलला, की तोल हलला. म्हणून तराजूच्या दुसऱ्या बाजूलाही तेवढ्याच आकाराचा, बंद केलेला फुगा टांगायचा, म्हणजे हवा बदलली तरी दोन्हीकडे सारखी बदलते. शिवाय हवा काढली की बाहेरच्या दाबाने काच किंचित आत दबते आणि फुगा लहान होतो. रेन्योसारख्या नामवंत प्रयोगकर्त्याने ही गोष्ट धरली नव्हती. रॅलेंनी ती मोजून आकड्यातून वळती केली. पाहायला गेलं तर किरकोळ बाब आहे, पण माझ्या हाताखाली नवीन मुलं-मुली येतात तेव्हा पहिल्या आठवड्यात मी हीच सांगतो.

आता नायट्रोजन. रॅलेंनी तो दोन वाटांनी मिळवला. पहिली वाट हवेची: तांबं लाल तापवायचं, त्यावरून हवा सोडायची, तांबं ऑक्सिजन पकडून ठेवतं आणि नायट्रोजन उरतो. दुसरी वाट अमोनियाची: हवा आधी अमोनियातून बुडबुडत न्यायची आणि मग तापल्या तांब्यावरून. त्या वाटेने मिळालेल्या नायट्रोजनचा थोडा भाग अमोनियातून आलेला असतो. दोन्ही वायू एकच, वजनही एकच यायला हवं. पण अमोनियाच्या वाटेचा वायू हजारात एका भागाने हलका भरला.

हजारात एक म्हणजे हात थरथरला म्हणून सोडून देण्याइतका फरक. रॅलेंनी तो सोडला नाही. सप्टेंबर १८९२मध्ये 'नेचर' नियतकालिकात पत्र लिहून त्यांनी रसायनशास्त्रज्ञांना उघडपणे विचारलं, याचं कारण कुणाला सुचतं का? आणि दुसरीकडे त्यांनी मला सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट केली. फरक मिटवायच्या मागे न लागता तो वाढवला. अमोनियातून हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजन नेला, म्हणजे सगळा नायट्रोजन अमोनियातूनच येणार. फरक मोजमापातल्या गलथानपणाचा असता तर तेवढाच राहिला असता. तो पाचपट वाढून दोनशेत एक झाला. पुढे १८९५ सालच्या व्याख्यानात त्यांनी स्वच्छ सांगितलं आहे की तफावत दिसली की ती घालवावी असं माणसाला आधी वाटतं, पण ती चूक आहे. आधी ती मोठी करून बघावी.

प्रत्यक्ष आकडे असे होते. हवेतून काढलेला नायट्रोजन फुग्यात २.३१० ग्रॅम भरायचा. तापलेलं तांबं वापरा, लोखंड वापरा, तेच. रासायनिक संयुगांतून काढलेला, मग तो नायट्रिक ऑक्साइडमधून असो की अमोनियम नायट्राइटमधून, २.२९९च्या आसपास. मधला फरक अकरा मिलिग्रॅम, साधारण अर्ध्या तांदळाएवढा. हलका वायू हळूहळू बदलतो की काय हे पाहायला त्यांनी तो आठ महिने साठवून पुन्हा तोलला. काही बदल नाही. आठ महिने थांबून तेच वजन पुन्हा करायचं, हे ज्याच्या डोक्यावर घड्याळ टांगलेलं नाही त्यालाच जमतं.

हवेच्या नायट्रोजनमध्ये काहीतरी जास्तीचं, जड, मिसळलेलं होतं. १८९४च्या वसंतात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे विल्यम रॅम्झी रॅलेंच्या संमतीने या कामात उतरले. त्यांनी तापलेल्या मॅग्नेशियमवरून वायू पुन्हापुन्हा फिरवून नायट्रोजन शोषून घेतला. रॅलेंनी हेन्री कॅव्हेंडिशचा १७८५ सालचा जुना प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला: हवेत ऑक्सिजन मिसळून विजेच्या ठिणग्या पाडत राहायचं. कॅव्हेंडिशच्या प्रयोगात शेवटी एक हट्टी बुडबुडा उरला होता, मूळ नायट्रोजनच्या एकशेवीसाव्या भागाहून लहान. त्यांनी तो नोंदवून ठेवला होता आणि शंभरावर वर्षं त्याच्याकडे कुणी वळून पाहिलं नव्हतं. १३ ऑगस्ट १८९४ रोजी ऑक्सफर्डला ब्रिटिश असोसिएशनच्या सभेत नव्या वायूची घोषणा झाली. कशाशीच संयोग पावत नाही म्हणून त्याला आर्गॉन, म्हणजे ग्रीक भाषेत आळशी, असं नाव पडलं. १९०४ साली रॅलेंना भौतिकीचं आणि रॅम्झींना रसायनाचं नोबेल मिळालं.

नातीला करून दाखवायचं असेल तर कागद-पेन्सिल घ्या. हवेत नायट्रोजन ७८.०८ टक्के, आर्गॉन ०.९३ टक्के. ऑक्सिजन काढून टाकल्यावर जो 'नायट्रोजन' उरतो त्यात आर्गॉन भरतो सुमारे १.१८ टक्के. नायट्रोजनचा रेणू २८ वजनाचा आणि आर्गॉनचा अणू ४०चा, म्हणजे ४३ टक्के जास्त जड. १.१८चे ४३ टक्के काढा. अर्धा टक्का येतो, दोनशेत एक. रॅलेंच्या फुग्यातला फरक तिच्या कागदावर उतरेल.

आता मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट सांगतो. रॅलेंना तेव्हा ती कळणं शक्यच नव्हतं.

आर्गॉनचा अणुभार ३९.९ निघाल्यावर मोठी पंचाईत झाली. आवर्तसारणीत त्याच्या पुढे बसणाऱ्या पोटॅशियमचा अणुभार ३९.१. पुढचा हलका आणि मागचा जड! आवर्तसारणी मांडणाऱ्या खुद्द मेंडेलीव्हना आधी वाटलं, हा वेगळा वायूच नसेल, तीन अणू जोडलेला नायट्रोजन असेल. कोडं सुटलं ते खूप पुढे, अणुकेंद्रकाचं शास्त्र आल्यावर. आपल्या हवेतल्या आर्गॉनपैकी ९९.६ टक्के आर्गॉन-४० हा जड प्रकार आहे (४० हा त्याच्या केंद्रकाच्या वजनाचा आकडा), आणि तो ताऱ्यांतून आयता आलेला नाही. पृथ्वीच्या खडकांत पोटॅशियम-४० असतं. त्याचा अर्धायुकाल, म्हणजे निम्मे अणू बदलायला लागणारा काळ, सव्वाशे कोटी वर्षं. त्याचे बहुतेक अणू कॅल्शियम होतात, पण शंभरातले सुमारे अकरा दुसऱ्या वाटेने जातात: केंद्रक आपल्याच भोवतीचा एक इलेक्ट्रॉन गिळतं आणि आर्गॉन-४० होतं. खडकातून तो हळूहळू सुटून हवेत येतो. पृथ्वीच्या आयुष्यभर हे चाललं आहे, म्हणून हवेत जवळजवळ एक टक्का आर्गॉन साठला. हे घडलं नसतं तर हवेत आर्गॉन नावालाच असता, आणि टर्लिंगच्या तराजूला तो कधीच जाणवला नसता.

आणि केंद्रक जेव्हा इलेक्ट्रॉन गिळतं तेव्हा आणखी एक कण बाहेर पडतो. न्यूट्रिनो. म्हणजे आपण श्वासात घेतो त्या जवळपास प्रत्येक आर्गॉन अणूच्या जन्माच्या क्षणी एक न्यूट्रिनो सुटला होता. ज्या पदार्थाच्या पोटात आम्ही आज न्यूट्रिनो पकडतो, तो पदार्थच न्यूट्रिनो सोडून जन्माला आलेला आहे. मी हे पहिल्यांदा जुळवलं तेव्हा रात्रपाळीला एकटा होतो, आणि उठून डिटेक्टरच्या टाकीपर्यंत जाऊन आलो. (पोटॅशियम-आर्गॉनच्या याच घड्याळाने खडकांची वयं काढतात. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळाचं सुमारे ६.६ कोटी वर्षं हे वयही आर्गॉनच्याच मोजणीतून आलं आहे.)

न्यूट्रिनो आणि आर्गॉनची पहिली मोठी गाठ अमेरिकेत साउथ डकोटामधल्या होमस्टेक सोन्याच्या खाणीत पडली. रे डेव्हिस यांनी १९६०च्या दशकात तिथे जवळपास दीड किलोमीटर खोल एक टाकी बसवली आणि तिच्यात ६१५ टन ड्रायक्लीनिंगचं द्रावण भरलं. सूर्याकडून आलेला न्यूट्रिनो त्यातल्या क्लोरीनच्या अणूवर आपटला की त्याचा आर्गॉन-३७ होतो. किती अणू बनायचे? दोन दिवसांत साधारण एक! ६१५ टनांतून हे मूठभर अणू हेलियमचे बुडबुडे सोडून गोळा करायचे आणि मोजायचे. डेव्हिसना अपेक्षेच्या एक तृतीयांशच मिळाले. तीसेक वर्षं लोक म्हणत राहिले की तुमची मोजणी चुकते आहे. चूक त्यांची नव्हती. न्यूट्रिनो वाटेत आपला प्रकार बदलत होते, आणि डेव्हिसच्या टाकीला एकच प्रकार दिसत होता. कॅनडातल्या सडबरीच्या प्रयोगाने २००१-०२मध्ये हे पक्कं केलं. २००२ साली डेव्हिसना नोबेल मिळालं तेव्हा ते अठ्ठ्याऐंशीचे होते. न्यूट्रिनोला वस्तुमान आहे ही गोष्ट जुन्या सिद्धांतात बसत नव्हती, आणि ती एका न जुळणाऱ्या आकड्याच्या पाठी लागून हाती आली.

त्याच खाणीत आता ड्यून हा प्रयोग उभा राहतो आहे. शिकागोजवळच्या फर्मिलॅब या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतून सोडलेले न्यूट्रिनो जमिनीखालून १,३०० किलोमीटर जाऊन तिथे पोहोचतील. टिपायला द्रव आर्गॉनच्या महाकाय टाक्या असतील, एकेक टाकी १७,००० टनांची. न्यूट्रिनो आणि त्याचा प्रतिकण (आरशातल्या प्रतिमेसारखा जोडीदार कण) वाटेत सारख्याच रीतीने प्रकार बदलतात का, हे त्यातून पाहायचं आहे. त्या वागण्यात फरक निघाला तर विश्वात द्रव्य उरलं आणि प्रतिद्रव्य का उरलं नाही, या प्रश्नाला एक धागा मिळेल. या कामासाठी फर्मिलॅबमध्ये जो नवा त्वरक, म्हणजे कणांना वेग देणारं यंत्र, बांधत आहेत त्यात मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रासह भारतीय संस्थांचा मोठा वाटा आहे.

द्रव आर्गॉनच का? ही कल्पना कार्लो रुबिया यांनी १९७७ साली मांडली. आर्गॉन स्वस्त आहे, उणे १८६ अंशांना द्रव होतो, आणि त्याचा आळशीपणा इथे कामी येतो. भारित कण त्यातून गेला की वाटेवरच्या अणूंचे इलेक्ट्रॉन सुटतात. विजेचं क्षेत्र लावलं की ते ओळीने एका बाजूला सरकू लागतात, मिलिसेकंदाला साधारण दीड मीटर. आर्गॉन त्यांना वाटेत धरून ठेवत नाही. टोकाला तीनेक मिलिमीटरच्या अंतराने ताणलेल्या तारांवर ते पोहोचले की कणाच्या वाटेचं चित्र जसंच्या तसं उमटतं. एकच अट आहे: आर्गॉन शुद्ध हवा. एक हजार कोटी अणूंमागे ऑक्सिजनचा एक रेणू, इतपत चालतो. त्याहून वाढला की ऑक्सिजन इलेक्ट्रॉन खातो आणि चित्र पुसट होतं.

मग ऑक्सिजन काढतात कशाने? तांब्याने. आमचा द्रव आर्गॉन रात्रंदिवस पंपाने फिरतो आणि एका उभ्या नळकांड्यातून जातो. त्यात मोहरीएवढे दाणे भरलेले असतात आणि त्यांच्यावर अतिसूक्ष्म तांब्याचा थर असतो. तांबं ऑक्सिजन पकडून ठेवतं. भरलं की नळकांडं तापवून आर्गॉनमध्ये थोडा हायड्रोजन मिसळून सोडायचा, तांब्यावरचा ऑक्सिजन पाणी होऊन निघून जातो आणि दाणे पुन्हा कामाला लागतात. टर्लिंगमधली लाल तापलेली तांब्याची नळी आणि आमचं हे फिल्टर यांत तत्त्वाचा काहीच फरक नाही.

एकदा एका छोट्या चाचणी-टाकीवर आमची शुद्धता रोज थोडी थोडी घसरू लागली. इतकी थोडी की दोन दिवस आम्ही 'मोजणीतली चढउतार' म्हणून गप्प बसलो. तिसऱ्या दिवशी मी ठरवलं, फरक वाढवून बघू. फिल्टरकडचा प्रवाह मुद्दाम कमी केला, तशी घसरण चांगलीच वेगाने दिसायला लागली, म्हणजे हवा खरोखरच कुठूनतरी आत येत होती. मग बाहेरून एकेका जोडावर हेलियमची फुंकर मारत आतला मापक बघत बसलो. आठव्या दिवशी सापडलं: एका फ्लँजमधल्या (नळ्यांच्या जोडातल्या) तांब्याच्या गॅस्केटवर, म्हणजे जोड हवाबंद करणाऱ्या चकतीवर, केसाएवढा आडवा ओरखडा. बसवताना कुणाच्या तरी पान्याचं टोक लागलं असावं. ते गॅस्केट अजून माझ्या टेबलावर आहे.

'नवे शोध' म्हणून जे वाचायला मिळतं त्यातलं बरंचसं या न जुळणाऱ्या आकड्यांभोवतीच फिरतं. मात्र प्रत्येक न जुळणारा आकडा आर्गॉन देत नाही, हेही नातीला सांगा. म्युऑन या इलेक्ट्रॉनच्या जड भावंडाचं, म्हणजे एका कणाचं, चुंबकत्व मोजायचा प्रयोग घ्या. २००१ साली अमेरिकेतल्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेत मोजणी आणि सिद्धांत यांत तफावत दिसू लागली. पन्नास फूट व्यासाचं ते वर्तुळाकार चुंबक २०१३ साली तराफ्यावरून आणि ट्रेलरवरून फर्मिलॅबला आणलं. २०२१ साली तफावत टिकलेली दिसली आणि निसर्गातलं नवं बल सापडल्याच्या बातम्या झळकल्या. जून २०२५मध्ये अंतिम आकडा आला, अब्जात १२७ भागांपर्यंत अचूक. मोजणी पहिल्यापासून बरोबरच होती. पण त्याच सुमारास सिद्धांताच्या बाजूचं गणित नव्या पद्धतीने केलं गेलं आणि ते मोजणीजवळ आलं. तफावत जवळजवळ उरली नाही. काही मित्रांना ही निराशा वाटली. मला नाही वाटली. रॅलेंच्या तराजूवर फरक वाढवला तसा वाढला, इथे नीट पाहिल्यावर विरला. दोन्हीकडे माणसं प्रामाणिकपणे तोलत होती, आणि आधीपासून कुणालाच माहीत नव्हतं काटा कुठे थांबेल.

मायक्रोबून नावाच्या १७० टनांच्या आर्गॉन डिटेक्टरची कथाही याच जातीची. आधीच्या दोन प्रयोगांत इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनोच्या खुणा हिशेबापेक्षा जास्त आल्या होत्या आणि चौथ्या प्रकारचा न्यूट्रिनो असेल अशी आशा होती. आर्गॉनमधलं चित्र इतकं स्पष्ट असतं की इलेक्ट्रॉन कुठला आणि प्रकाशकण कुठला हे वेगळं ओळखता येतं. २०२१ साली निकाल आला: जास्तीचे इलेक्ट्रॉन दिसत नाहीत. मग आधीच्या प्रयोगांत जास्त काय होतं? ते अजून खुलं आहे, आणि फर्मिलॅबमध्ये आणखी दोन आर्गॉन डिटेक्टर त्याच प्रश्नावर बसले आहेत.

कृष्णद्रव्य, म्हणजे विश्वातलं न दिसणारं द्रव्य, शोधणाऱ्यांकडे तर रॅलेंचा प्रसंग जवळजवळ जसाच्या तसा घडला. हवेतल्या आर्गॉनमध्ये आर्गॉन-३९ हा किरणोत्सारी भाऊबंद अत्यल्प असतो, दर किलोमागे सेकंदाला एक स्फुरण. कृष्णद्रव्याची खूण इतकी दुर्मीळ की हा कलकलाटसुद्धा तिला बुडवतो. आर्गॉन-३९ बनतो वातावरणात, अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांमुळे. मग जमिनीखाली कोट्यवधी वर्षं कोंडून राहिलेला आर्गॉन घेतला तर? अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधल्या कार्बन डायऑक्साइडच्या विहिरींतून तो काढला आणि इटलीतल्या ग्रान सासो पर्वताखाली तपासला. आर्गॉन-३९ चौदाशे पटींनी कमी निघाला. १८९२ साली प्रश्न होता, हवेतला नायट्रोजन आणि अमोनियातला नायट्रोजन एकच का? आता आहे, हवेतला आर्गॉन आणि जमिनीतला आर्गॉन एकच का? दोन्ही वेळा उत्तर 'नाही' आलं आणि दोन्ही वेळा त्या 'नाही'वर पुढचं काम उभं राहिलं.

घरांबद्दल विचारलंत म्हणून एक सांगतो. फर्मिलॅबची ६,८०० एकर जमीन १९६०च्या दशकात घेतली तेव्हा तिथे वेस्टन नावाचं खेडं आणि अनेक शेतं होती. पहिले संचालक रॉबर्ट विल्सन यांनी तिथली जुनी लाकडी शेतघरं पाडली नाहीत. बरीचशी उचलून एका ठिकाणी आणली, डागडुजी केली, आणि बाहेरून येणाऱ्या संशोधकांना राहायला दिली. मी तिथे अशाच एका घरात राहिलो आहे. जिन्याची पायरी दाबली की करकरते, खिडकीतून गवताचं कुरण दिसतं, आणि त्याच आवारात जमिनीखालून न्यूट्रिनोंचा झोत चाललेला असतो. ज्या शेतकऱ्यांना ती घरं सोडावी लागली त्यांचीही आठवण तिथे येतेच.

आपल्याकडेही या विषयाची सुरुवात घरांतूनच झाली. होमी भाभांची टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५च्या अखेरीस बंगळूरहून मुंबईला आली तेव्हा पेडर रोडवरच्या 'केनिलवर्थ' या बंगल्यात होती. कुलाब्याची इमारत फार नंतरची. विक्रम साराभाईंनी १९४७ साली अहमदाबादला आपल्या 'रिट्रीट' या घरी वैश्विक किरणांवर काम सुरू केलं, त्याचीच पुढे भौतिक संशोधन प्रयोगशाळा झाली.

रॅलेंनी नोबेलचे पैसे केंब्रिजला दिले. त्यातून कॅव्हेंडिश प्रयोगशाळेची नवी शाखा-इमारत १९०८ साली उभी राहिली. त्या वेळी तिथे प्राध्यापक होते जे. जे. थॉमसन, रॅलेंच्याच जागेवर आलेले आणि १८९७ साली इलेक्ट्रॉन शोधलेले. वाड्यातून विद्यापीठाकडे रस्ता असाही गेला.

राहिलं, टर्लिंगला जाता आलं नाही याचं. ते स्ट्रट कुटुंबाचं खासगी घर आहे, बोवुडसारखं तिकीट काढून बघता येणारं नाही. पण नातीला आर्गॉन दाखवायचा असेल तर एवढ्या लांब जायची गरज नाही. कुठल्याही एमआयडीसीच्या रस्त्यावर 'आर्गन वेल्डिंग करून मिळेल' अशी पाटी दिसेल. दुकानदाराला विचारून तिला आत न्या. ठिणगीकडे उघड्या डोळ्यांनी बघू देऊ नका, काच मागून घ्या. स्टीलच्या जोडाभोवती आर्गॉन हळूच सोडलेला असतो, तापलेल्या धातूपर्यंत ऑक्सिजन पोहोचू नये म्हणून. जोड गार झाल्यावर बघा, काळवंडलेला नसतो, चकचकीत असतो. तिथे तिला सांगा, तो वायू कुठे आणि किती मिलिग्रॅमवरून ओळखला गेला.